कर्नल लेनॉक्स : मान आणि चेंडूफळी

इंग्लंडांतील चेंडूफळीच्या, म्हणजेच क्रिकेटच्या, आरंभकाळाचा विचार करितां चार्ल्स लेनॉक्स (१७६४-१८१९) या सरदाराचें नांव वगळतां येत नाहीं. पुढें तो रिचमंडचा चौथा ड्यूक व आयर्लंडचा राजप्रतिनिधि झाला. तथापि आम्हांस येथें त्याच्या तरुणपणींच्या दोन गोष्टींचाच विचार कर्तव्य आहे.

टॉमस लॉर्ड या गोलंदाजास लंडनांत मैदान काढावयाचें होतें. नुकसान आल्यास तें भरून देण्याची हमी लेनॉक्स व विंचिल्सीचा अर्ल यांनीं घेतली आणि १७८७ सालीं तें मैदान सुरू झालें. लॉर्डचें नांव मिरविणारें आजचें मैदान १८१४ चें. तें याच उद्योगाचें फळ होय.

दुसरी गोष्ट १७८९ ची. राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क हा लेनॉक्सच्या पलटणीचा मुख्य. त्याच्या अपमानकारक उद्गारांवरून लेनॉक्सनें त्यास द्वंद्वयुद्धास पाचारिलें. २६ मे रोजीं लेनॉक्सची गोळी राजपुत्राच्या केसांस चाटून गेली. राजपुत्रानें गोळी झाडलीच नाहीं. लेनॉक्सनें धैर्य दाखविलें, विवेक नव्हे, असा पलटणीच्या अधिकाऱ्यांनीं निर्णय दिला. नंतर तो ३५ व्या पलटणींत गेला. तेथें तो साध्या शिपायांबरोबर चेंडूफळी खेळे. अधिकाऱ्यांत तशी रीत नव्हती.

एका शब्दासाठीं राजपुत्रावर पिस्तूल रोखणारा हा मानी पुरुष शिपायाच्या चेंडूसमोर मात्र निःसंकोच उभा राही. सरदार-गृहस्थ व पगारी खेळाडू हा भेद इंग्लंडांत १९६२ पर्यंत टिकला, हें ध्यानीं घेतां या वर्तनाचें मोल त्याच्या अधिकारपदांहून आम्हांस अधिक वाटतें.