वऱ्हाडचा कापूस आणि मुंबईचा धक्का

समुद्र ज्याने जन्मात पाहिला नाही अशा अकोल्याच्या अडत्याला मुंबई बंदरातील गर्दीचा हिशेब ठेवावा लागे, हे आज कोणास खरे वाटणार नाही. आगगाडीपूर्वी वऱ्हाडचा पुष्कळसा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापुरास व तेथून नावांनी कलकत्त्यास जाई. 1825-26 च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी सावकारांनी सुमारे पाचशे बैल भरून तो थेट मुंबईकडे रवाना केला, हे धाडसच होते. कारण वेचणी संपून माल बाजारात येईतो उन्हाळा तोंडावर येई, आणि मृगापूर्वी बंदर गाठले नाही तर काळ्या रानाच्या चिखलात बैल पोटापर्यंत रुतत, गोणीतला कापूस भिजून जड होई. शिवाय ज्याला त्याला त्याच मुदतीत पोचण्याची घाई! मुंबईत फोर्टमधील टाऊन हॉलपुढे गासड्यांचे ढीग इतके दाटले, की 1844 मध्ये कापसाचा बाजार कुलाब्यास हलवणे सरकारास भाग पडले.

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली आले, अमेरिकेतील यादवीने भाव आभाळाला भिडले, आणि 1867 पर्यंत लोहमार्ग अकोल्यावरून नागपुरास पोचला. पुढे वाफेवर चालणारे प्रेस वऱ्हाडातच उभे राहिले. गासड्या येथेच घट्ट बांधून गाडीत भरल्या जाऊ लागल्या. पावसाची धास्ती गेली. वॅगन मिळवण्याची मात्र नवी खटपट अडत्याच्या मागे लागली.