जेऊर येथील 1898 चे कृष्णचंद्रबिंब

नागापूरच्या माळावरून द्वितीया-तृतीयेचा चंद्र टिपू पाहणाऱ्या नवशिक्यास पहिली अडचण पडते ती प्रकाशाच्या मानाची. कोर रेखीव उमटावी तर पृथ्वीप्रकाशाने उजळलेले उर्वरित बिंब काळोखात बुडते. ते दिसावे तर कोर पांढरीफटक होते. म्हणून तो कमीअधिक वेळाची अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करतो.

हीच अडचण 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणात जेऊर येथे होती. (हे जेऊर नागापूरच्याच नगर तालुक्यातील नव्हे, करमाळा तालुक्यातील, लोहमार्गावरील होय.) अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल तेथे चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले होते. खग्रास स्थिती अवघी दोन मिनिटांची. काळ्या चंद्रबिंबालगत किरीट तेजस्वी, बाहेर अतिमंद. तेव्हा काही काचा क्षणभर, काही अधिक काळ उघडाव्या लागत. अशा काचांवरून एकत्रित चित्र त्या काळी हातानेच रेखाटीत. ‘छायाचित्र’ हा आपला शब्द इतका यथार्थ क्वचितच ठरला असेल : येथे छायाचित्रकारच चंद्राच्या छायेत उभा होता.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला हेही तेथेच होते. त्यांचे लक्ष वर्णपटाकडे होते, आणि माझ्या मते त्यांचेच काम अधिक स्मरणीय आहे. चंद्रकडेआड सूर्य जाताना क्षणमात्र झळकणारा वर्णपट त्यांनी काचेवर धरला. त्यांच्या निवृत्तीबरोबर 1912 मध्ये पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा बंद झाली. यंत्रे कोडाईकनालला गेली.