फिशटँकचं पाणी आणि वॉरिंग्टन बापलेक

घरात फिशटँक आला की दोन पंथ पडतात. एक म्हणतो, दर रविवारी सगळं पाणी ओतून द्या, खडे न् फिल्टर नळाखाली घासून काढा, टाकी कशी चकाचक पाहिजे. दुसरा म्हणतो, तळ्याचं पाणी कोण बदलतं? हात लावू नका. गंमत म्हणजे दोन्ही घरांतले मासे मरताना मी पाहिलेत. आता यात चुकतं कोण? त्यासाठी थोडं लंडनला जाऊन येऊ.

तिथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्या काळी काचेच्या भांड्यात मासे पाळायचे तर पाणी सारखं बदलावं लागे. वॉरिंग्टनसाहेबांनी दोन गोल्डफिश घेतले आणि सोबत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती ऑक्सिजन देणार, मासे तो घेणार. पण पानं कुजून पाणी गढुळायला लागलं. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं! हा प्रयोग १८५० साली प्रसिद्ध झाला. १८५३ मध्ये लंडनच्या झूमध्ये मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडात घरोघरी टाक्या आल्या. आपला 'हात लावू नका' पंथ या जमान्यातला.

पण एक गोष्ट हिशेबात धरलेली नव्हती. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. त्याचं पुढे काय होतं?

याच्या उत्तरात मोठा वाटा त्यांच्या मुलाचा. त्याचंही नाव रॉबर्टच! तो रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीचा अभ्यास करत होता. अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम सूक्ष्मजीव करतात, हे श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच जोडीने १८७७ मध्ये दाखवलं होतं. धाकट्या वॉरिंग्टनने दाखवलं की हे काम दोन टप्प्यांत होतं: आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. ते जीवाणू वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. ते जमलं १८९० च्या सुमारास, विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला.

म्हणजे बापाच्या टाकीत जे गुपचूप चालू होतं, ते मुलाला शेताच्या मातीत सापडलं.

आता आपले दोन पंथ बघा. हे जीवाणू पाण्यापेक्षा खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर जास्त राहतात. चकाचकवाले नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने नेमके त्यांनाच मारतात, म्हणजे चालू सर्व्हरची प्रोसेस किल करण्यातला प्रकार. मग अमोनिया साठतो. हात न लावणाऱ्यांकडे नायट्रेट साठत जातं. ते अमोनियाइतकं जहाल नसलं तरी बाहेर पडायला वाट नसते. दोनच मासे आणि भरपूर वनस्पती असतील तर ती बरंचसं शोषून घेते. पण आपण दहा मासे ठेवतो आणि दिवसातून तीनदा खायला घालतो राव!

तेव्हा सर्वसाधारण टाकीला आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदलणं पुरतं. नवं पाणी क्लोरीन घालवलेलं आणि टाकीतल्याच तापमानाचं हवं. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. आणि नव्या टाकीत हे जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे कमी ठेवा.

पाणी बदला, पण त्यातलं बिऱ्हाड मोडू नका. असो, बादली कुठे ठेवलीय?