व्हॉयेजर २
व्हॉयेजर २ हे अमेरिकेच्या नासा या संस्थेचे मानवरहित अंतराळयान आहे. २० ऑगस्ट १९७७ रोजी केप कॅनव्हेरल येथून त्याचे प्रक्षेपण झाले. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून या चारही बाह्य ग्रहांजवळून गेलेले हे एकमेव यान होय. नेपच्यूनकडे त्यानंतर दुसरे यान गेलेले नाही; त्यामुळे या ग्रहाचे जवळून झालेले निरीक्षण एवढ्या एकाच भेटीपुरते मर्यादित आहे.

पार्श्वभूमी
नेपच्यून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी' (इ.स. ११५०) या ग्रंथात शनीपर्यंतच्याच ग्रहांचे गणित आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. युरेनसचा शोध १७८१ मध्ये दुर्बिणीतून लागला. त्याच्या गतीतील तफावतीवरून ल व्हेरिये यांनी आणखी एका ग्रहाचे स्थान गणिताने काढले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन वेधशाळेत योहान गाले यांना तेथे नेपच्यून आढळला.

प्रवास
नेपच्यून सूर्यापासून सुमारे ४५० कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या ३० पट अंतरावर आहे. कमीत कमी ऊर्जेच्या थेट मार्गाने तेथे जाण्यास सुमारे ३० वर्षे लागतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चारही बाह्य ग्रह सोयीच्या स्थितीत आले होते. असा योग सुमारे १७५ वर्षांतून एकदा येतो. प्रत्येक ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाने यानाचा मार्ग पुढील ग्रहाकडे वळविण्यात आला. यान १९७९ मध्ये गुरूजवळ, १९८१ मध्ये शनीजवळ, २४ जानेवारी १९८६ रोजी युरेनसजवळ आणि १२ वर्षांच्या प्रवासानंतर २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनजवळ पोहोचले.

तेथे सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे ९०० पटींनी कमी असतो. म्हणून यानाची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेपासून मिळते. छायाचित्रांना दीर्घ उद्भासन द्यावे लागे व चित्र पुसट होऊ नये म्हणून संपूर्ण यान हळूहळू फिरविले जाई. संदेश पोहोचण्यास चार तासांहून अधिक वेळ लागत असल्याने सर्व आज्ञा आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. वेग कमी करून ग्रहाभोवती फिरण्याइतके इंधन नव्हते. ढगांच्या वर सुमारे ४,९५० किलोमीटरवरून यान पुढे निघून गेले.

नेपच्यूनवरील स्थिती
नेपच्यूनला उतरता येईल असा घन पृष्ठभाग नाही. वातावरणात मुख्यतः हायड्रोजन व हेलियम असून मिथेन तांबडा प्रकाश शोषत असल्याने ग्रह निळसर दिसतो. पृथ्वीवरील समुद्रसपाटीइतका दाब असलेल्या थरात तापमान सुमारे उणे २०० अंश सेल्सियस असते. त्याखाली दाब व उष्णता वाढत जातात. वाऱ्यांचा वेग ताशी २,००० किलोमीटरपर्यंत जातो. यानाला दिसलेला पृथ्वीएवढा गडद डाग १९९४ मध्ये हबल दुर्बिणीला आढळला नाही. ट्रायटन या उपग्रहाचे तापमान उणे २३५ अंश सेल्सियसच्या आसपास असूनही तेथे नायट्रोजनचे फवारे सुमारे ८ किलोमीटर उंच उडत असल्याचे यानाने दाखविले.

मराठी व गोव्याशी संबंध
यानावरील सोन्याचा मुलामा दिलेल्या ध्वनिमुद्रिकेत ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यांत मराठीचाही समावेश आहे. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी रागातील 'जात कहाँ हो' ही रचनाही तीत आहे. यानाच्या प्रक्षेपणानंतर २७ दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले.

सद्यस्थिती
५ नोव्हेंबर २०१८ रोजी यानाने सौरवाऱ्याची सीमा ओलांडून आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. नेपच्यूनच्या उत्तर ध्रुवावरून जाताना त्याचा मार्ग दक्षिणेकडे वळला. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळील ७० मीटर व्यासाच्या अँटेनावरूनच त्याला आज्ञा पाठविल्या जातात. वीज दरवर्षी घटत असल्याने त्यावरील उपकरणे एकेक करून बंद केली जात आहेत.