रंगीत नकाशारेषांचे सदिशीकरण

रंगीत नकाशारेषांचे सदिशीकरण म्हणजे कागदी नकाशाच्या स्कॅन केलेल्या प्रतिमेतील विशिष्ट रंगाच्या रेषा वेगळ्या करून त्यांचे व्हेक्टर अर्थात सदिश विदेत रूपांतर करण्याची प्रक्रिया होय. स्कॅन केलेली प्रतिमा ही पिक्सेलांची जाळी असते. तिच्यात नदी किंवा रस्ता स्वतंत्र घटक म्हणून अस्तित्वात नसतो. सदिश विदेत मात्र प्रत्येक रेषा क्रमवार बिंदूंच्या सहनिर्देशकांनी साठवली जाते व तिला नाव, उंची इत्यादी गुणधर्म जोडता येतात. भौगोलिक माहिती प्रणालीत ही प्रक्रिया महत्त्वाची आहे.

== पार्श्वभूमी ==
भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशांत समोच्चतादर्शक रेषा तपकिरी, जलाशय निळ्या, वनस्पती हिरव्या आणि पक्के रस्ते व वस्त्या लाल रंगात दाखवतात. या संकेतांमुळे रंगावरून रेषांचे वर्गीकरण करता येते.

== कार्यपद्धती ==
* '''स्कॅनिंग:''' प्रतिमा साधारणतः ३०० ते ६०० डीपीआय विभेदनाने घेतात. ३०० डीपीआयला १:५०,००० नकाशावरील एक पिक्सेल जमिनीवरील सुमारे ४.२ मीटर अंतर दर्शवतो.
* '''भूसंदर्भीकरण:''' अक्षांश-रेखांशांच्या छेदबिंदूंच्या साहाय्याने प्रतिमा योग्य स्थानी बसवतात. या वेळी शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढणारी पद्धत वापरल्यास रंग मिसळतात.
* '''रंगविभाजन:''' लाल-हिरवा-निळा या मूल्यांऐवजी रंगछटा, संपृक्तता व तेजस्विता यांवरून पिक्सेल निवडतात. तपकिरी व लाल यांच्या छटा जवळच्या असल्याने केवळ रंगछटा पुरेशी ठरत नाही.
* '''स्वच्छता व तनुकरण:''' सुटे ठिपके काढून रेषा एका पिक्सेलाच्या जाडीपर्यंत बारीक करतात. झांग व सुएन यांची १९८४ ची रीत यासाठी प्रसिद्ध आहे.
* '''रेषांकन व सुलभीकरण:''' सलग पिक्सेल जोडून रेषा तयार होते. डग्लस-प्यूकर रीतीने (१९७३) अनावश्यक बिंदू गाळतात.

क्यूजीआयएस व ग्रास या मुक्त आज्ञावलींत यांपैकी बहुतेक साधने उपलब्ध आहेत. पोट्रेस ही आज्ञावली मात्र रेषेचा मध्य नव्हे, तर तिच्या दोन्ही कडा रेखाटते. त्यामुळे एका रस्त्याच्या दोन रेषा होतात.

== अडचणी ==
समोच्चतादर्शक रेषेवर उंचीचा आकडा छापलेला असल्यास तेथे रेषा तुटते. ओढा व समोच्चतादर्शक रेषा जेथे छेदतात तेथे तिसराच रंग दिसतो. तीव्र उतारावर जवळजवळच्या रेषा एकमेकींना चिकटतात. जेपीईजी संक्षेपणामुळे रेषांच्या कडांवर मूळ नकाशात नसलेले रंग उमटतात. त्यामुळे अखेरची तपासणी मानवी डोळ्यांनीच करावी लागते. ६४० मीटरच्या रेषेला चुकून ४६० ही उंची दिल्यास त्यापासून बनवलेल्या उंची-प्रतिमानात खोटी दरी निर्माण होते व पाण्याच्या प्रवाहाचे गणित चुकते.

== महत्त्व आणि मर्यादा ==
जुन्या नकाशांच्या सदिशीकरणामुळे नद्यांची बदललेली पात्रे, घटलेली वने आणि उजनीसारख्या धरणांच्या जलाशयाखाली गेलेली गावे व वाटा यांची आजच्या उपग्रह प्रतिमांशी तुलना करता येते. मात्र सदिश विदा कितीही मोठी करून पाहता आली, तरी तिची अचूकता मूळ नकाशापेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणून अशा विदेसोबत मूळ नकाशाचे प्रमाण व सर्वेक्षणाचे वर्ष नोंदवणे आवश्यक असते.