'परम'पासून नातीच्या टेबलापर्यंत : प्रोसेसर निवडण्याचा इतिहास

या मालिकेत आपण आतापर्यंत तोफा, किल्ले आणि लढाया यांच्याबद्दलच जास्त बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना ऊन लागलं. विषय आहे, संगणकाचा प्रोसेसर कसा निवडावा. पण हाही इतिहासच आहे आणि त्यातला एक मोठा अध्याय आपल्या पुण्यात घडलेला आहे.

निमित्त घरातलंच आहे. माझी नात अकरावीत आहे. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती छोट्या अॅनिमेशन फिल्म बनवते आणि उरलेल्या वेळात गेम खेळते. तिच्या आईच्या मते प्रमाण उलटं आहे. तिला डेस्कटॉप हवा होता आणि दीड लाख रुपये मी देणार होतो. तिने यादी करून आणली, त्यात सगळ्यात वर सोळा कोरचा प्रोसेसर. "आबा, याच्यापेक्षा भारी नाहीच." मी हो म्हणणार, तेवढ्यात पेपरामागून माझा मुलगा म्हणाला, "बाबा, २००० सालासारखं करू नका."

मला काही समजेना. २००० साली मी उत्तरेकडच्या फील्ड पोस्टिंगवरून महिनाभराच्या रजेवर घरी आलो होतो. मुलगा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. त्याच्यासाठी मी दुकानातला सर्वात मोठ्या मेगाहर्ट्झचा प्रोसेसर उचलला. पैसे तिथेच संपले. मेमरी घेतली जेमतेम ३२ एमबी, ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही. दुकानदार सांगत होता, "साब, रॅम बढ़ा लीजिए." मी ऐकलं नाही. रजा संपली, मी परत गेलो. मुलगा पत्रात लिहायचा, 'कॉम्प्युटर छान चालतो आहे.' परवा कळलं, की ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावर धड उघडतच नव्हतं. वर्षभर तो रात्री नऊला सायकल काढून मित्राच्या घरी जायचा आणि तिथे ड्रॉइंग पुरी करायचा. पंचवीस वर्षं तो हे बोलला नाही. फौजी बाप सीमेवर आहे, त्याला कशाला सांगायचं!

तेव्हा मी ठरवलं, की या वेळी आधी अभ्यास. मी सिग्नल्सचा माणूस. सैन्यात कुठलीही वस्तू घेण्याआधी जीएसक्यूआर लिहितात, म्हणजे वस्तूकडून काम काय हवं ते आधी कागदावर मांडायचं आणि मग बाजारात जायचं. २००० साली मी नेमकं हेच विसरलो होतो.

आता इतिहासात जाऊ. १९७१ च्या नोव्हेंबरात इंटेलने ४००४ हा प्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो मुळात बिझीकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनला होता. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला. वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. मंडळी, हा त्या काळातला सर्वात ताकदवान प्रोसेसर नव्हता. मोटोरोलाचा ६८००० त्याच्याहून सरस मानला जायचा. पण ८०८८ बरोबर बाजारात आधीपासून मिळणारे स्वस्त सुटे भाग चालत होते. शिवाय आयबीएमची अट होती, की माल पुरवणारा दुसरा कारखानाही हवा. त्या अटीमुळेच एएमडीला इंटेलचे प्रोसेसर बनवण्याचा परवाना मिळाला. आज दुकानात आपण ज्या दोन कंपन्यांमध्ये निवड करतो, त्या जोडीचं मूळ हे असं आहे. संगणकाच्या इतिहासातली सर्वात गाजलेली निवड झाली ती सुटे भाग आणि पुरवठा बघून, ताकद बघून नव्हे. कुठल्याही क्वार्टरमास्टरला हे लगेच पटेल.

आता पुण्याला येऊ. १९८० च्या दशकाच्या शेवटी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने क्रे कंपनीचं हवं ते मोठं यंत्र दिलं नाही. हवामानाच्या अंदाजासाठी एक लहान यंत्र दिलं, तेही कडक अटींवर. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. तीन वर्षांची मुदत आणि तीस कोटींच्या घरातला पैसा मिळाला.

भटकरांपुढे प्रश्न तोच होता जो माझ्या नातीपुढे होता. प्रोसेसर कोणता? क्रेसारखा एकच महाकाय प्रोसेसर बनवणं शक्य नव्हतं. मग त्यांनी लहान लहान प्रोसेसर पुष्कळ संख्येने जोडायचे ठरवले आणि ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर निवडला. या चिपमध्ये आकडेमोडीची सोय होतीच, पण शेजारच्या चिपशी बोलायला चार दुवेही तिच्यातच होते. एका जवानाला रायफलबरोबर वायरलेस सेटही द्यावा, तसं. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. पुढे तो मॉस्कोपर्यंत गेला.

गोष्ट इथे संपत नाही. आपल्या कामाचा भाग याच्यापुढेच आहे. ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडली आणि ती वाट हळूहळू बंद झाली. सी-डॅकने परम ८६०० मध्ये आकडेमोडीसाठी इंटेलचा आय-८६० घेतला आणि ट्रान्सप्युटरला निरोप पोचवायच्या कामावर ठेवलं. नंतरच्या परम ९००० ची रचनाच अशी केली, की प्रोसेसर बदलला तरी सगळी इमारत पाडावी लागू नये. परम १०००० मध्ये सनचे प्रोसेसर होते, परम पद्ममध्ये आयबीएमचे, २०२० च्या परम सिद्धीमध्ये एएमडीचे प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे ग्राफिक्स चिप. नाव एकच, आतला प्रोसेसर दर वेळी नवा. यातला धडा असा, की आजचा प्रोसेसर निवडताना उद्याची वाट उघडी ठेवा.

घरच्या संगणकात ही वाट म्हणजे मदरबोर्डवरचा सॉकेट. त्याचीही एक पुणेरी गोष्ट आहे. विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, १९५० चा. इंटेलमध्ये १९९३ च्या पेंटियमचं काम त्यांनी पुढे नेलं. नंतर ते नेक्सजेन कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि १९९७ मध्ये तिथून के-६ आला. तो पेंटियमच्याच सॉकेट ७ मध्ये बसायचा. ज्यांच्याकडे तसा बोर्ड होता त्यांना नवा प्रोसेसर मिळाला, बाकीचा खर्च वाचला. अलीकडे एएमडीच्या एएम-४ सॉकेटनेही असंच केलं. २०१७ चा पहिला रायझन त्यात बसला आणि २०२२ चा ५८००एक्स३डीसुद्धा. बोर्ड घेताना विचारायचा प्रश्न हा : या सॉकेटमध्ये पुढची पिढी बसणार आहे का?

आता त्या मेगाहर्ट्झबद्दल, ज्याने मला फसवलं. खरं म्हणजे माझा मीच फसलो. २००० च्या मार्चमध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनी एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. त्याच वर्षी पेंटियम ४ आला. त्याची रचनाच घड्याळाचा आकडा वर जाईल अशी होती. कामाचे तुकडे बारीक केले, टप्पे वाढवले. पण एका ठोक्यात होणारं काम कमी झालं. कवायतीत लेफ्ट-राइट भराभर म्हणून पावलं आखूड पडली, तर पलटण पुढे किती जाणार? शेवटी उष्णता आडवी आली. २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आणला. त्याचा आकडा लहान होता, काम जास्त. तेव्हापासून वेगवेगळ्या घराण्यांतल्या प्रोसेसरची गिगाहर्ट्झवरून तुलना करू नये, हे पक्कं समजा.

मग शर्यत कोरच्या संख्येवर आली. इथे १९६७ मध्ये जीन अॅमडाल यांनी मांडलेला नियम लक्षात ठेवायचा. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी सगळ्यांना थांबवतो. कॉन्व्हॉयमध्ये शंभर गाड्या असोत, एकपदरी पूल आला की एकेकच जाणार. नातीचं ब्लेंडरमधलं रेंडरिंग म्हणजे मोकळं मैदान, प्रोसेसरवर केलं तर तिथे सोळा कोर खरंच कामाला लागतात. गेम मात्र बऱ्याच अंशी तो पूल आहे. सहा-आठ चांगल्या कोरनंतर जास्तीचे कोर बहुतेक गेममध्ये रिकामे उभे राहतात.

गेमला काय लागतं? हाताशी असलेला साठा. याला कॅश म्हणतात. तोफखान्याच्या भाषेत सांगतो. तोफेच्या खड्ड्यात ठेवलेले गोळे म्हणजे कॅश. रेजिमेंटचा दारूगोळा जरा मागे असतो, ती रॅम. आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचा मोठा डेपो म्हणजे डिस्क. तोफ कितीही उत्तम असो, प्रत्येक गोळा पुलगावहून आणायचा म्हटलं तर लढाई संपून जाईल. तो ५८००एक्स३डी प्रोसेसर बघा. साध्या ५८००एक्समध्ये मोठा कॅश ३२ एमबी होता, यात चिपवर चिप रचून ९६ एमबी केला. घड्याळाचा वेग थोडा कमी, तरी बऱ्याच गेममध्ये तो पुढे गेला. नंतरच्या ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी यांनी तीच वाट धरली.

आमच्या गावाची एक अडचण वेगळी आहे. मे महिन्यात जबलपूरचा पारा ४४-४५ ला टेकतो. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. थंड खोलीत घेतलेल्या चाचणीतले आकडे नागपूर, जळगाव, जबलपूरच्या दुपारी तसेच राहतीलच असं नाही. त्यामुळे जास्त वॅट खाणारा प्रोसेसर घेऊन कूलरवर कंजुषी करणं म्हणजे शक्तिमान ट्रकला मोठं इंजिन बसवून रेडिएटर काढून ठेवणं. विजेच्या लपंडावासाठी यूपीएसही त्याच हिशेबात धरा.

आणि नव्या मालाच्या पहिल्या खेपेला थोडा वेळ द्यावा. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली. इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. २०२४ मध्ये इंटेलच्याच तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा दोष निघाला. कंपनीने दुरुस्ती दिली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. चूक कुणाचीही होते. आपण वॉरंटीचा कागद जपायचा आणि बायोस अद्ययावत ठेवायचा.

तर मी, मुलगा आणि नात, तिघं टेबलाशी बसलो आणि जीएसक्यूआर लिहिला. प्रश्न साधे होते. आठवड्यात रेंडरिंग किती तास, गेम किती तास? रेंडरिंग प्रोसेसरवर करतेस की ग्राफिक्स कार्डवर? स्क्रीन केवढा? उत्तरं देताना नातीच्याच लक्षात आलं, की तिचं ब्लेंडरचं जड काम ग्राफिक्स कार्ड करू शकतं, आणि स्क्रीन जितका बारीक-स्पष्ट तितका गेमचा भारही कार्डावरच जास्त पडतो. तिने स्वतःच सोळा कोरवर काट मारली. शेवटी ठरला आठ कोरचा, मोठ्या कॅशचा प्रोसेसर. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी मेमरी, चांगला कूलर आणि यूपीएस यांच्यात गेले. ज्यांचं दिवसभराचं काम व्हिडिओ एडिटिंगचं किंवा प्रोसेसरवरच्या रेंडरिंगचं आहे, त्यांनी मात्र जास्त कोर घ्यावेत, त्यांचे पैसे वाया जाणार नाहीत. आमचं उत्तर तुमचं उत्तर असेलच असं नाही. प्रश्न मात्र तेच विचारा.

मशीन जोडून झालं त्या रात्री नात दमून झोपली. मुलगा खुर्चीवर बसला, आपल्या ऑफिसचं एक जड ड्रॉइंग उघडून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, छान चालतोय."

मी म्हटलं, "उठ जरा." आणि या वेळी स्वतः बसून खात्री करून घेतली.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या तोफांकडे वळू. तोपर्यंत, जय हिंद!