भेंड्या आणि ‘ळ’कार

मराठी मुलाच्या विद्यारंभास ‘ओनामा’ हे नाव पडले, ते ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंत्रावरून. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत मूल लेखनाच्या उंबरठ्यावर येई. पुढे वर्णमालेचा क्रम बाजूस सारून आकारसाम्याने ‘गमभन’ शिकविण्याची रीत रूढ झाली. परंतु दोन्ही पद्धतींत अक्षर सुटेच राहते. शब्दात ते कोठे बसते व कोठे बसत नाही, हे मुलास उमगते ते भेंड्यांच्या खेळात. आपल्या शिक्षणाच्या इतिहासाने या खेळाकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही, असे आम्हांस वाटते.

खेळ जुनाच आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत गणलेली ‘प्रतिमाला’ म्हणजे एकाच्या श्लोकाच्या अंत्याक्षराने दुसऱ्याने आपला श्लोक आरंभावयाचा. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून ‘निरोष्ठरामायण’ रचले, ती अर्थात पंडितांची क्रीडा. शाळेत श्लोकाची जागा साध्या शब्दाने घेतली तरी चालते; वर्गाचे दोन पक्ष केले की झाले. ‘चंद्र’ या शब्दावर अडलेले मूल ‘द्र’ची फोड करून ‘र’ उचलते, तेव्हा जोडाक्षराचा धडा व्याकरणावाचून होऊन जातो. ‘फळ’ उच्चारताना शेवटचा स्वर लोपतो, लिहिताना मात्र अक्षर पूर्ण असते, हेही तेथेच ध्यानात येते.

खरी अडचण ‘ण’ व ‘ळ’ यांची. शाळा, फळा, बाळ, सकाळ असे शब्द पदोपदी येतात, आणि ‘ळ’ने आरंभ होणारा शब्द मराठीत सापडत नाही. म्हणून ‘ळ’ला ‘ल’ व ‘ण’ला ‘न’ घेण्याची सवलत खेळाडूंनी आपसांतच ठरविली. (सातवाहनकालीन महाराष्ट्री प्राकृतात आरंभीच्या ‘न’चाही ‘ण’ होई, तेव्हाच्या खेळाडूस ‘ण’ची धास्ती नसावी!) ही सवलत म्हणजे भाषेच्या एका नियमाची मुलांनी दिलेली कबुलीच होय.

महाराष्ट्रात ही केवळ गंमत आहे. माळव्यात तिला निराळे वजन येते. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली व दरबारासवे मराठी घरे तेथे स्थिरावली. १९१७ व १९३५ साली इंदुरास मराठी साहित्य संमेलने भरली. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्यप्रदेश निर्माण झाला, आणि राज्यकारभाराची भाषा हिंदी झाली. इंदूर शहरातील मराठी कुटुंबास निदान साहित्यसभा व नाट्यप्रयोग यांचा आधार तरी मिळाला. जिल्ह्यातील हातोदसारख्या लहान गावी मराठी मुलाने अक्षरओळख करून घ्यावयाची ती हिंदी अंकलिपीतून. आणि प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ला स्थान नाही. लिपी तीच देवनागरी, जिला आपण ‘बाळबोध’ म्हणतो. पण त्या नावातलेच एक अक्षर तेथल्या बाळास फळ्यावर दिसत नाही. घरी ऐकलेला ‘ळ’ लिहावयाचा कसा, हे त्यास शाळा सांगत नाही. मग मराठी पत्र वा पुस्तक हाती आले की नेमके तेथेच ते अडखळते.

नवल असे की हातोदच्या परिसरातील मालवी बोलीत ‘ळ’ ठसठशीत ऐकू येतो. मराठी मूल व शेतकऱ्याचे मालवी मूल एका बाकावर बसले, तर ज्या ध्वनीस पुस्तकात अक्षर नाही तो दोघांच्याही जिभेवर असतो. अशा वर्गात भेंड्यांची नित्याची सवलत उपयोगाची नाही. ‘ळ’ला ‘ल’ मानले की उरलासुरला भेदही पुसला जावयाचा. शिक्षकाने नियम थोडा बदलावा: शब्दाच्या आरंभी नव्हे, तर पोटी किंवा शेवटी ‘ळ’ असलेला शब्द मागावा, तो कोणत्याही बोलीतला चालेल, आणि सांगणाऱ्याकडूनच तो फळ्यावर लिहवून घ्यावा. मग मराठी मुलाच्या ‘काळा’शेजारी मालवी मुलाचा ‘काळो’ येऊन बसतो, आणि पुस्तकातला ‘काला’ त्या ओळीत एकटा पडतो.